भाडेकरू, झोपडीवासी आणि रॉकेलची रांग : मुंबईतील निवाऱ्याविषयीच्या लोकमताचा इतिहास

(१)

एखाद्या शहराच्या घरविषयक धोरणाचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः कायदे, समित्यांचे अहवाल आणि बांधून झालेल्या गाळ्यांची संख्या ह्यांचा आधार घेतात. ही साधने आवश्यक आहेत ह्यात शंका नाही. परंतु प्रत्येक कायद्यापूर्वी त्याची मागणी कोणीतरी केलेली असते, आणि कायदा झाल्यानंतर त्याच्या बाजूने वा विरुद्ध कोणीतरी उभे राहिलेले असते. ह्या मागणीस व विरोधास मिळून आपण 'लोकमत' असे नाव देतो. ह्या सामासिक शब्दातील उत्तरपदाची चर्चा पुष्कळ होते. पूर्वपदाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. निवाऱ्याच्या प्रश्नावर ज्यांचे मत 'लोकमत' म्हणून गणले गेले ते लोक कोण, आणि ज्यांना निवाराच नव्हता ते त्या लोकांत मोडत होते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचनासाठी मुंबई शहर घेतले आहे. ह्या शहरात भाडेनियंत्रणाचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक जुना आहे आणि बेघरांचा प्रश्न त्याहूनही जुना. घराच्या प्रश्नाबरोबर येथे इंधनाच्या प्रश्नाचाही विचार केला आहे. हे दोन विषय वरवर पाहता भिन्न वाटतील; परंतु गरिबाच्या संसारात चूल आणि छप्पर ही एकत्रच मांडली जातात आणि एकत्रच मोडली जातात. शिवाय, पुढे दिसेल त्याप्रमाणे, मुंबईत ह्या दोहोंना जोडणारा एक कागदही होता.

(२)

प्रथम शब्दांकडे पाहू. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे ही पद्धत त्याला जवळची आहे. पण केवळ आवडीखातर ती येथे योजलेली नाही. समाज ज्याच्याविषयी बोलतो त्याला तो कोणते नाव देतो, ह्यावरून त्याची दृष्टी पुष्कळदा उघड होते.

मराठीत घर नसणे ही अवस्था मुळात हीन मानलेली नव्हती. भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात 'अनिकेत' हे भक्ताचे लक्षण म्हणून आले आहे, आणि आजही आपण मुलाचे नाव अनिकेत असे हौसेने ठेवतो. 'बेघर' हे नाव कोणी ठेवणार नाही. फारसी उपसर्ग व देशी नाम ह्यांच्या संकरातून झालेल्या ह्या शब्दात विरक्ती नाही, केवळ अभाव आहे. 'बिऱ्हाड' हा शब्द ह्या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी उभा आहे. बिऱ्हाड म्हणजे मुक्काम, तात्पुरता संसार. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण त्या तात्पुरतेपणाचीच साक्ष देते. नोकरीसाठी परगावी आलेला मनुष्य बिऱ्हाड 'करतो'. घर त्याचे गावीच असते. मुंबईतील कोकणी व घाटी कामगारांच्या कित्येक पिढ्या ह्याच समजुतीने शहरात राहिल्या.

'बिऱ्हाडकरू' आणि 'भाडेकरू' ह्या शब्दांतील 'करू' हा प्रत्यय कर्तृत्ववाचक आहे. 'यात्रेकरू' ह्या शब्दातही तोच दिसतो. भाडेकरू हा काही करणारा आहे : तो भाडे देतो, म्हणून तो व्यवहारातील एक पक्ष आहे. ह्याउलट 'झोपडपट्टी' हे मनुष्याचे नाव नव्हेच; ते जागेचे नाव आहे. त्यावरून 'झोपडपट्टीवासी', आणि त्याच वळणावर 'फुटपाथवासी', असे शब्द साधले गेले. येथे 'वासी' केवळ कोठे आहे एवढेच सांगतो, काय करतो हे सांगत नाही. वस्तुतः हा मनुष्य गोदीत ओझी वाहतो, इमारती बांधतो, घरोघरी भांडी घासतो. पण त्याच्या नावात त्याचे कर्म आलेले नाही. एकास कृतीवरून व दुसऱ्यास स्थानावरून ओळखण्याचा हा भेद लोकमतातही उतरला आणि कायद्यातही उतरला, असे मला दाखवावयाचे आहे.

(३)

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्ती फोडून रुंद रस्ते काढणे व आरोग्यदायक घरे बांधणे हा तिचा हेतू होता. रस्ते निघाले, पण जितकी घरे पाडली गेली तितकी गरिबांना परवडणारी घरे उभी राहिली नाहीत. ज्यांची घरे गेली त्यांनी शेजारच्या चाळींत दाटी केली, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात घरभाडी भडकली. तेव्हा १९१८ साली सरकारने मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला. तो युद्धकाळापुरता म्हणून केलेला होता.

१९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांच्या पुढाकाराने विकास खाते निर्माण झाले. ५०,००० खोल्या बांधण्याची ही योजना होती, आणि तिच्या खर्चासाठी कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया जकात बसविण्यात आली होती. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी व सुमारे १६,५०० खोल्या झाल्या. विशेष हे की, घरांची एवढी टंचाई असताना त्यांतील पुष्कळशा खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडून होत्या. भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेरचे होते आणि वरळी त्या काळी गिरण्यांपासून दूर व गैरसोयीची होती. घर आणि राहणारा ह्यांची गाठ केवळ बांधकामाने पडत नाही, हा धडा मुंबईस तेव्हाच मिळाला होता.

ह्याच काळात कामगारांच्या राहणीची पाहणी करून बर्नेट-हर्स्ट ह्यांनी १९२५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात चाळींबरोबरच झावळ्यांच्या आणि रॉकेलच्या डब्यांचे पत्रे ठोकून केलेल्या झोपड्यांचेही वर्णन आहे. इंधन संपल्यावर उरलेला डबा सपाट करून त्याची भिंत होत असे. इंधन आणि निवारा ह्यांचा संबंध मुंबईत इतका शब्दशः जुना आहे.

दुसऱ्या महायुद्धात भाडेनियंत्रण पुन्हा आले आणि स्वातंत्र्याच्या वर्षी त्यास 'मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७' हे स्वरूप मिळाले. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आला. प्रमाणभूत भाडे ठरविण्यासाठी १ सप्टेंबर १९४० ही तारीख घेण्यात आली. हाही कायदा मुदतीचा होता. परंतु त्यास वारंवार मुदतवाढ मिळत गेली आणि तो अर्धशतक टिकला. त्याच्या दीर्घायुष्याचे कारण शासनाची कृपा नव्हे. भाडेकरू हा मुंबईतील सर्वांत मोठा, सर्वांत साक्षर आणि सर्वांत संघटित मतदार होता. त्यात गिरणीकामगार होता, कारकून होता, शिक्षक होता, वृत्तपत्राचा संपादकही होता. निवाऱ्याविषयीचे लोकमत म्हणजे भाडेकरूंचे मत, हे समीकरण ह्या काळात पक्के झाले.

ह्या लोकमताने लक्षावधी कुटुंबांना रस्त्यावर येण्यापासून वाचविले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधणे जवळजवळ थांबले. आणि खोली हाती लागण्यासाठी 'पागडी' द्यावी लागू लागली. शिरोभूषणाचे हे नाव चोरट्या रकमेस मिळाले, ह्यात मराठी माणसाच्या विनोदबुद्धीइतकीच त्या व्यवहाराची सार्वत्रिकताही दिसते. १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर बसवून स्वतंत्र मंडळ स्थापावे लागले, तेव्हा अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. पुढे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या गोठलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवास्तव झाल्याचे म्हटले, आणि १९९९च्या नव्या अधिनियमाने पागडीसही कायदेशीर मान्यता दिली. ज्याच्याजवळ पागडी नव्हती असा नवागत ह्या सर्व काळात कोठे गेला असेल, हे सांगावयास नको. झोपडपट्ट्या केवळ भाडेनियंत्रणामुळे वाढल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ग्रामीण दारिद्र्य, दुष्काळ, जमिनीच्या किमती ही कारणे तितकीच प्रबळ होती. पण घरात असलेल्यास संरक्षण देणारा कायदा घराबाहेर असलेल्यास दार उघडून देत नाही, एवढे निश्चित.

(४)

१९५०नंतरच्या दशकात ह्या दोन वर्गांतील अंतर साहित्यातही दिसू लागले. पु. ल. देशपांडे ह्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली प्रसिद्ध झाली आणि जयवंत दळवी ह्यांची 'चक्र' ही झोपडपट्टीवरील कादंबरी १९६३ साली. पाचच वर्षांच्या अंतराने आलेल्या ह्या दोन पुस्तकांचे वाचक बव्हंशी तेच होते. मात्र पहिल्या पुस्तकात त्यांना स्वतःचे घर दिसले आणि दुसऱ्यात आपल्या खिडकीबाहेरचे जग. चाळ ही हळूहळू मायेच्या आठवणीचा विषय झाली. झोपडपट्टी ही 'समस्या' झाली.

ह्याच सुमारास, १९५९ मध्ये, मुंबई राज्याने भिक्षाप्रतिबंधाचा अधिनियम संमत केला. भिक्षा मागणे ह्या क्रियेच्या व्याख्येत, निर्वाहाचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी विशिष्ट रीतीने भटकणे वा राहणे ह्याचाही समावेश होता. हात पसरला नाही तरी भिकारी ठरण्याची ही सोय होती. भाडेकरूसाठी घराचा कायदा आणि बेघरासाठी भिकेचा कायदा, अशी ती विभागणी झाली. ह्या व्याख्येविरुद्ध मोठा मोर्चा निघाल्याचे त्या काळच्या इतिहासात दिसत नाही. आणि जे ह्या व्याख्येत सापडत, त्यांच्यापाशी मोर्चा काढण्याचे साधनही नव्हते.

(५)

आता इंधनाकडे वळू. मराठीत ह्या तेलाला दोन नावे आहेत आणि दोन्ही इंग्रजीवरून आलेली मानली जातात : 'रॉक ऑइल'पासून रॉकेल आणि 'गॅसलाइट'पासून घासलेट. परका शब्द इतका घासून गुळगुळीत होतो तेव्हा ती वस्तू स्वयंपाकघराच्या मध्यभागी पोहोचलेली असते. चाळीच्या खोलीत लाकडाची चूल पेटविणे अवघड. तेव्हा वातीचा आणि पंपाचा स्टो हाच शहरी गरिबाचा अग्नी झाला.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिकडील तेल बंद झाले. २ मे १९४३ पासून मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. ह्या व्यवस्थेचे जे कार्ड घरोघर आले त्यावर कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसांची संख्या आणि पत्ता लिहिलेला असे. धान्य, साखर आणि रॉकेल मिळण्यासाठी निर्माण झालेला हा कागद पुढे नागरिकत्वाचाच दाखला होऊन बसला. पत्ता नाही त्याला कार्ड नाही; कार्ड नाही त्याला नियंत्रित दराचे रॉकेल नाही. फुटपाथवर चूल मांडणाऱ्या बाईला तेच तेल काळ्या बाजारात जादा दराने घ्यावे लागे, नाहीतर लाकडाच्या ढलप्या व खोक्यांच्या फळ्या वेचाव्या लागत. सर्वांत गरिबाने सर्वांत महाग इंधन जाळावे, ही ह्या व्यवस्थेची अंगभूत विसंगती होती.

तथापि कार्ड असलेल्यांची जी रांग दुकानापुढे लागे, तिचे एक वैशिष्ट्य होते. त्या रांगेत चाळीतील भाडेकरीण आणि झोपडपट्टीतील बाई एकामागे एक उभ्या राहत. १९७२-७३च्या दुष्काळात महागाई वाढली, तेव्हा मुंबईत महागाईविरोधी महिलांची संयुक्त आघाडी उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि साम्यवादी अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा भिन्न पक्षांच्या स्त्रिया तीत एकत्र आल्या. लाटणी घेऊन मोर्चे निघाले, थाळ्या वाजविल्या गेल्या. १९७३च्या ऑक्टोबरमधील पश्चिम आशियातील युद्धानंतर खनिज तेलाच्या किमती जगभर वाढल्या आणि रॉकेलची टंचाई अधिकच तीव्र झाली. मागण्या साध्या होत्या : धान्य, साखर, खाद्यतेल आणि रॉकेल ठरल्या दराने व पुरेसे मिळावे.

मुंबईच्या लोकमताच्या इतिहासात ह्या आंदोलनाचे स्थान वेगळे आहे, आणि त्याचे कारण मला रांगेत दिसते. घराच्या प्रश्नावर चाळ आणि झोपडी ह्यांचे हितसंबंध वेगळे होते; रॉकेलच्या प्रश्नावर ते एक होते. ज्या वस्तूसाठी दोघींनाही डबा घेऊन उभे राहावे लागते, तिच्याविषयी दोघींचे मत एक होण्यास व्याख्यानाची गरज पडत नाही. मृणालताईंना 'पाणीवाली बाई' हे नाव मिळाले तेही नळाच्या अशाच रांगांमुळे.

पुढे हा समान धागा तुटला. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत १९५०च्या दशकातच आला होता. पुढील तीन दशकांत, प्रदीर्घ प्रतीक्षायाद्या ओलांडून, तो मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचला. ज्याच्या घरी सिलिंडर आले तो रॉकेलच्या रांगेतून बाहेर पडला. आणि त्याबरोबर त्या रांगेचे मत वृत्तपत्राच्या पहिल्या पानावरूनही बाहेर पडले. पुढील काळातील महागाईची आंदोलने पेट्रोल व गॅस ह्यांच्याभोवती अधिक फिरली. २०१३ मध्ये पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळणारे ५ किलोचे सिलिंडर बाजारात आले, ही सोय खरीच. परंतु ते अनुदानाविना, पूर्ण दराने. पत्ता नसण्याची किंमत इंधनात मोजावी लागण्याचा १९४३चा नियम असा वेगळ्या रूपाने कायम राहिला.

(६)

झोपडीवासीयांच्या बाबतीत कायद्याची भाषा भाड्याची न होता तारखेची झाली. १९७१ मध्ये महाराष्ट्राने झोपडपट्टी सुधारणेचा अधिनियम केला. ४ जानेवारी १९७६ रोजी मुंबईतील झोपड्यांची एका दिवसात गणना होऊन छायाचित्र असलेली ओळखपत्रे देण्यात आली. त्या दिवशी जो मोजला गेला तो शासनाच्या दृष्टीने अस्तित्वात आला. त्यानंतर ही सीमारेषा १९८०, १९८५, १९९० अशी सरकत गेली. १९९५च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने ती १ जानेवारी १९९५वर आणली आणि २२५ चौरस फुटांचे घर विनामूल्य देऊ केले. मतदारयादीतील नाव हा तीत प्रमुख आधार होता. पुढे रेषा २००० पर्यंत आली, आणि त्यानंतर २०११ पर्यंतच्यांस सशुल्क घराची तरतूद झाली. 'पात्र' आणि 'अपात्र' हे शब्द ह्या काळात झोपडपट्टीच्या नित्याच्या बोलीत आले. पात्रता म्हणजे गुण नव्हे, तर जुना कागद, असा त्यांचा अर्थ तेथील पोरासही ठाऊक असतो.

प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर तारीख पुढे नेण्याची मागणी होई, आणि प्रत्येक वेळी घरभाडे व कर भरणारा नागरिक 'अतिक्रमणास बक्षीस' म्हणून तिचा निषेध करी. दोन्ही मते प्रामाणिक होती. पण ज्या भाडेकरूने हा निषेध केला त्याचे स्वतःचे भाडेही १९४० ह्या एका तारखेस बांधलेले होते, हे त्या वादात क्वचितच कोणाच्या ध्यानात आले. दोघेही तारखेच्या आधारेच शहरात टिकून होते. एकाच्या तारखेस 'हक्क' म्हटले गेले आणि दुसऱ्याच्या तारखेस 'सवलत'.

ह्या वादाचा कस १९८१ मध्ये लागला. त्या वर्षीच्या जुलैत मुख्यमंत्री अ. र. अंतुले ह्यांनी फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याचे जाहीर केले, आणि भर पावसात झोपड्या पाडल्या गेल्या. पत्रकार ओल्गा टेलिस व इतर ह्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड ह्यांच्या घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कात समाविष्ट आहे, हे त्यातील सूत्र भारतीय विधिशास्त्रात चिरस्थायी झाले. परंतु फुटपाथ अडविण्याचा हक्क कोणासही नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे; रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटविण्यास मुभा राहिली. तत्काळ दिलासा मिळाला तो पावसाळा संपेपर्यंतचा, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंतचा. १९७६ साली मोजल्या गेलेल्यांना पर्यायी जागा द्यावी हे शासनाच्या आश्वासनानुसार नमूद झाले. म्हणजे तत्त्व सर्वांना मिळाले, जागा मात्र पुन्हा तारीख असणाऱ्यांना.

ह्या निकालाच्याच वर्षी 'स्पार्क' ह्या संस्थेने मुंबईच्या फुटपाथवरील सुमारे ६,००० कुटुंबांची गणना प्रसिद्ध केली. तिच्या शीर्षकात फुटपाथवासी स्वतःला अदृश्य म्हणवून घेतात. लोकमताच्या इतिहासाच्या दृष्टीने ही गणना महत्त्वाची आहे, कारण ज्यांच्याविषयी मते दिली जात त्यांनी येथे प्रथमच व्यापक प्रमाणावर स्वतःविषयी माहिती दिली. ते कोठून आले, काय काम करतात, किती वर्षे येथे आहेत, हे त्यांनी सांगितले. 'वासी' ह्या प्रत्ययाने झाकलेले कर्म तेथे पुन्हा प्रकट झाले. १९९५च्या योजनेत फुटपाथवासीयांनाही स्थान मिळाले, त्यामागे ह्या दशकभराच्या संघटनेचा वाटा आहे.

(७)

सारांश असा. मुंबईत निवाऱ्याविषयी एक लोकमत कधीच नव्हते. पत्ता असणाऱ्यांचे मत होते, आणि पत्ता मिळविण्याची धडपड होती. पहिले मत कायद्यात रूपांतरित झाले. दुसरी धडपड तारखांत विभागली गेली. ज्या थोड्या काळात दोन्ही वर्ग एका मागणीवर आले त्या काळात ती मागणी घराची नसून रॉकेलची होती. ह्यातून धोरणकर्त्यांनी आणि चळवळींनीही एक गोष्ट घेण्याजोगी आहे : व्यापक मत केवळ समान सहानुभूतीतून तयार होत नाही, त्याला समान गरज लागते. मृणाल गोरे ह्यांच्याच नेतृत्वाखालील नागरी निवारा परिषदेने गोरेगावच्या दिंडोशी भागात अल्प उत्पन्न गटासाठी सुमारे सहा हजार घरे उभी केली, हे ह्या संदर्भात अर्थपूर्ण आहे. इंधनाच्या रांगेतून घराच्या प्रश्नाकडे जाण्याचा तो एक मोठा प्रयत्न होता. पण त्यातही सभासद होण्याइतकी बचत असणाऱ्यांनाच प्रवेश शक्य होता.

२०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईत दर शंभर नागरिकांपैकी सुमारे ४१ झोपडपट्टीत राहत होते आणि सुमारे ५७ हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. त्याच जनगणनेत शहरातील पावणेपाच लाखांवर घरे रिकामी आढळली. १९२०नंतरच्या दशकात वरळीच्या खोल्या रिकाम्या होत्या आणि शेजारी डब्यांच्या पत्र्यांच्या झोपड्या होत्या. नव्वद वर्षांनी प्रमाण बदलले, रचना तीच राहिली. बेघरांची ही संख्या अपुरी असण्याचा संभव मोठा आहे, कारण गणना करणारा मनुष्यही शेवटी पत्ता शोधतच येतो. निवाऱ्याविषयीच्या लोकमताचा पुढील अभ्यास करणाऱ्याने म्हणून प्रथम मते न गोळा करता, कोणाचे मत विचारावयाचे राहून गेले आहे, ह्याची यादी करावी. ती यादी लांब निघेल, आणि खरा इतिहास तिच्यापासून सुरू होईल.